सातवी सही

सर्व संबंधितांस या सूचनेद्वारे कळविण्यात येते की, अत्यंत गंभीर स्वरूपाची एक बाब गेली बारा वर्षे निम्नस्वाक्षरीकर्तीच्या पोटात पडून होती. सदर बाब आता पचेनाशी झाल्याने ती जाहीर करण्यात येत आहे. बाब अशी की, नाशिक शहरातील एका कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात, ऐन पावसाळ्यात, एक ब्युरेट फुटली. सबब, सर्वांनी शांतता राखावी. फलकासमोर गर्दी करू नये.

हुश्श! वीस-बावीस वर्षं असल्या सूचना टाइप केल्या की माणूस घरी आलेल्या पाहुण्यालाही 'आसनस्थ व्हावे' म्हणायला लागतो. आमचे हे तर म्हणतात, तू भाजीत मीठ कमी पडल्याचंही परिपत्रक काढशील.

तर मी कॉलेजच्या विद्यार्थी विभागातली क्लार्क. खिडकी नंबर तीन. एक नंबरच्या खिडकीवर प्रवेशाची झुंबड, दोन नंबरवर परीक्षेच्या फॉर्मची, आणि तीन नंबर जाणाऱ्यांची. कॉलेज सोडायचंय, दाखला हवाय, बदली हवीय, या माझ्याकडे. काचेत एक अर्धगोल भोक, त्यामागे मी. हौशी नाटकांत मी बरीच वर्षं कामं केली आहेत, राज्य नाट्यस्पर्धेच्या प्राथमिक फेरीत तीन वेळा मेलेली आहे. त्यामुळे मला ते भोक म्हणजे छोटासा रंगमंचच वाटायचा. फरक एवढाच, की इथे प्रेक्षक उभे राहून आपलंच नाटक सांगायचे आणि मी बसून ऐकायची.

बाहेरच्यांना वाटतं, मुलं कॉलेजात येतात आणि तीन वर्षांनी पदवी घेऊन जातात. छे! दरवर्षी दिवाळी झाली, फराळाचे डबे रिकामे झाले, की माझ्या खिडकीसमोर एक खास रांग लागायची. पहिल्या वर्षाचं पहिलं सत्र संपलेलं असायचं, सत्राच्या परीक्षेचे गुण फलकावर लागलेले असायचे, आणि बारावीला गावात पहिली आलेली मुलं त्या फलकासमोर आपलं नाव खालून शोधत असायची. मग चार दिवस घरी जाऊन चकल्या खायच्या, आईच्या कुशीत शिरायचं आणि परत येऊन म्हणायचं, "मॅडम, मला दुसऱ्या कॉलेजला ट्रान्सफर पाहिजे."

वर्षाच्या मधोमध कॉलेज बदलणं म्हणजे काय, ते आधी सांगते. जायचं त्या कॉलेजनं लिहून द्यायचं की आम्ही घेतो. आम्ही लिहून द्यायचं की आम्ही सोडतो, आमची हरकत नाही. ते म्हणणार, आधी त्यांनी सोडल्याचं आणा. आम्ही म्हणणार, आधी त्यांनी घेतल्याचं आणा. लग्नाच्या बैठकीत दोन्हीकडची मंडळी 'आधी तुम्ही बोला, आधी तुम्ही बोला' करत पोहे संपवतात, तसंच. त्यात विद्यापीठानं ठरवून दिलेली मुदत. दुसरं सत्र सुरू झाल्यावर तेवढ्या दिवसांत कागद पुढे गेले तर गेले, नाही तर पुढच्या जूनपर्यंत बसा.

आणि हे सगळं होण्याआधी सात सह्या. ग्रंथालय, जिमखाना, वसतिगृह, एनसीसी, भौतिकशास्त्राची लॅब, जीवशास्त्राची लॅब, रसायनशास्त्राची लॅब. या मुलाकडे आमचं काही राहिलेलं नाही, असं सात ठिकाणी लिहून आणायचं. मुलानं आयुष्यात बॅडमिंटनची रॅकेट पाहिलेली नसली तरी जिमखान्याची सही पाहिजे म्हणजे पाहिजे. ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा परवडली. तिथे निदान वाटेत उसाचा रस मिळतो.

अर्जात आणखी एक रकाना असायचा, 'कारण'. तो मोकळा ठेवायचा नाही, असा कडक नियम. आमच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली टाइपरायटर घेऊन एक अण्णा बसायचे. त्यांच्याकडे तीन कारणं तयार असायची. पहिलं 'घरगुती अडचण', दुसरं 'येथील हवा मानवत नाही' आणि तिसरं, सगळ्यांत खपाऊ, 'आईची प्रकृती'. अण्णा मुलाकडे वर न बघताच विचारायचे, "अडचण, हवा की आई?"

दिवाळीनंतरच्या त्या पंधरा दिवसांत नाशिक जिल्ह्यातल्या यच्चयावत आया आजारी पडायच्या. एकदा तर एका मुलाचा अर्ज माझ्या हातात आणि त्याची आजारी आई, डोक्यावर कांद्याचं पोतं असल्यासारखी ताठ, त्याच्या मागे उभी. मी अर्ज वाचला. तिच्याकडे बघितलं. म्हटलं, "तब्येत कशी आहे आता?" ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" आणि पोराच्या पाठीत जो धपाटा घातला, तो ऐकून दोन नंबरच्या खिडकीवरची रांग सरळ झाली.

उलट्या दिशेनंही यायचे. पिंपळगावकडचे एक बागाईतदार. मुलगा बाहेरगावच्या कॉलेजात, त्याला इकडे आणायचा होता. त्यांचं कारण 'तिकडची हवा मानवत नाही'. मुलगा शेजारी उभा. खिडकीच्या भोकातून मला त्याचं फक्त पोट दिसत होतं. मी म्हटलं, "हवा चांगलीच मानवलेली दिसतेय." बागाईतदार गालात हसले आणि द्राक्षांची पेटी खिडकीखाली सरकवली. मी पेटी उघडली, रांगेतल्या प्रत्येकाच्या हातावर एकेक घड ठेवला, शेवटचा त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, "जागा असेल तर मिळेल, नसेल तर नाही. द्राक्षं मात्र गोड आहेत हो." जागा होती, त्यामुळे मिळाली. ते आजतागायत समजतात की द्राक्षांनी मिळाली.

आता माझी खरी करामत सांगते. त्या काळी मला तिचा फार अभिमान होता.

रांगेतल्या मुलांपैकी निम्म्यांना खरं तर कुठे जायचंच नसायचं. खानावळीतली वांग्याची भाजी, इंग्रजीतून शिकवणारे सर, रात्री आठवणारं घर, एवढंच असायचं. अशा मुलाला 'जाऊ नकोस' म्हणून सांगितलं तर तो हमखास जातो. म्हणून मी काही सांगायची नाही. मी फक्त सह्यांचा क्रम लावून द्यायची. "आधी जिमखाना. ती सही झाल्याशिवाय पुढे जायचं नाही." असा काही नियम नव्हता. तो माझा. जिमखान्याचे सर आठवड्यातून दोनदाच बसायचे आणि त्यातही एकदा नसायचे. पोरगं तिथे वाट बघत बसायचं. समोर कॅरम. कोणीतरी म्हणायचं, चल, एक हात. चार दिवसांत त्याला तिथे तीन मित्र मिळालेले असायचे आणि आठव्या दिवशी तो अर्ज परत मागायला यायचा. मी चेहरा गंभीर करून म्हणायची, "बघ हं, पुन्हा विचार कर." आत हसू दाबताना माझा घसा दुखायचा.

अशी किती मुलं थांबवली, कोण जाणे. आमच्या जिमखान्यानं जिल्ह्याला जे कॅरमपटू दिले, त्यात माझा वाटा आहे, तो कुठेही नोंदवलेला नाही.

मग नितीन आला. नांदगावचा, शांत, मान खाली घालणारा. अर्जात कारण, 'आईची प्रकृती'. अण्णांच्या टाइपरायटरचा तो ओळखीचा, जरा वाकडा 'प्र'. मी त्याला बघूनच निदान केलं, घरची आठवण. "आधी जिमखाना." तो निमूट गेला. जिमखान्याचे सर त्या वेळी स्पर्धेसाठी संघ घेऊन धुळ्याला गेले होते. नितीन रोज यायचा, रोज विचारायचा, "आज येतील का?" मी रोज म्हणायची, "उद्या नक्की." मुदत संपली. तो पुन्हा आला नाही. मी मनाशी म्हटलं, वा! आणखी एक थांबला.

दोन वर्षांनी एका लग्नासाठी नांदगावला गेले होते. बाजारात बी-बियाण्यांच्या दुकानातून एक मुलगा धावत बाहेर आला. "मॅडम! खिडकी नंबर तीन!" नितीन. त्यानं मला दुकानात बसवलं, चहा मागवला. बोलता बोलता कळलं. त्या दिवाळीत त्याच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन बिघडलं होतं. घरात दुसरं कोणी नव्हतं. गावातल्या कॉलेजला बदली मिळाली असती तर वर्ष वाचलं असतं. नाही मिळाली, म्हणून तो कॉलेज सोडून घरी आला, वर्ष गेलं आणि मग तो दुकानात लागला तो लागलाच.

मी म्हटलं, "अरे, मग मला सांगायचं नाहीस का?"

तो जराही न चिडता म्हणाला, "लिहिलं होतं की मी, मॅडम."

चहा चांगला होता. तो मी तसाच ठेवला. इतक्या वर्षांत इतक्या आया कागदावर आजारी पडल्या होत्या, की एक खरोखर आजारी पडली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. त्यानंतर मी जिमखान्याचं नाटक बंद केलं. जो येईल त्याला सरळ फॉर्म द्यायचा, सरळ क्रम सांगायचा आणि तोंड बंद ठेवायचं. आमच्या विभागात सगळ्यांना वाटलं, मला कावीळ झालीय.

आणि अशा माझ्या मौनव्रताच्या काळात रंजना आली.

येवल्याची मुलगी. वडील पैठणी विणणारे. ते मागेच उभे होते, पायाशी एक लोखंडी ट्रंक. म्हणजे वसतिगृहातलं सामानसुद्धा आवरून झालं होतं. रंजना बारावीला गणितात तालुक्यात वरच्या नंबरात होती आणि आमच्याकडे पहिल्याच सत्रात रसायनशास्त्रात असे गुण, की मला वाटलं छापताना एक आकडा राहिला. मुदतीचा तो शेवटचा दिवस. चारच्या एसटीनं बापलेक परत जाणार होते.

मी अर्ज बघितला. हातानं लिहिलेला, सुबक अक्षर. आणि 'कारण' या रकान्यात काहीही नाही. कोरा.

"इथं काहीतरी लिहावं लागतं गं."

"काय लिहू?"

"बाहेर अण्णांकडे तीन आहेत, त्यातलं एक लिही," असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ती इतक्या खरेपणानं विचारत होती की ते तिला सांगवेना. वडील पुढे झाले.

"ताई, पोर्गी घरी यायचं म्हनती. दिवाळीत लय रडली. का ते सांगंना. आता म्या काय करावं? गावातल्या कालेजात आर्ट्‌सला घालतो."

"गणित सोडून आर्ट्‌स?"

"तिलाच इचारा," ते म्हणाले, आणि पुन्हा ट्रंकेजवळ जाऊन उभे राहिले.

मी फॉर्म दिला. सरळ क्रमानं. व्रत म्हणजे व्रत. फक्त एक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपली. बाहेर दिवाळीनंतरचं लख्ख ऊन, आणि पोरीच्या हातात लांब दांड्याची काळी छत्री. ती तिनं अशी धरली होती, जणू आत दूध आहे.

दोन तासांनी ती परत आली. सहा सह्या झाल्या होत्या. जिमखान्याचीसुद्धा! त्या दिवशी ते सर चक्क जागेवर होते, हा आमच्या कॉलेजच्या इतिहासातला अपवाद. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी सही करून खाली फोनही केला होता. त्या म्हणाल्या, "ती येवल्याची मुलगी चालली का? छत्रीवाली? बरी होती हो, पण विचित्र. पावसाळाभर हातात छत्री घेऊन भिजत यायची. उघडायची म्हणून नाही. मुली हसायच्या."

मी फोन ठेवला आणि फॉर्म बघितला. सातवी जागा रिकामी. रसायनशास्त्र.

"ही राहिली."

"मॅडम, एक नसली तर नाय चालत का?"

आता, माझ्या धंद्यातलं एक गुपित सांगते. राहिलेली सही नेहमी जिमखान्याची असते. ग्रंथालयाचीही असू शकते, कारण पुस्तक मित्राच्या मित्राकडे गेलेलं असतं. लॅबची सही कधीच राहत नाही, कारण लॅबमध्ये माणूस दिवसभर असतो. जी सही सगळ्यांत सोपी, तीच हिची राहिली होती.

मी व्रत मोडलं. अकरा वाजता खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' ही पाटी लावली. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "मॅडम, एवढ्यात भूक?" मी म्हटलं, "मला पित्त आहे," आणि रंजनाला मागच्या दारानं आत घेतलं. खुर्चीवर बसवलं. चहा दिला. आणि नितीनला जे विचारायला हवं होतं ते विचारलं.

"का चाललीस?"

तिनं छत्री आणखी जवळ ओढली.

"बरं, छत्री कशाला आणलीस?"

तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता कप पडणार. मग तिनं कप खाली ठेवला, छत्रीचं बटण सोडलं आणि टेबलावर हळूच तिरकी केली. आतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घरंगळत आलं. मऊ, धुऊन धुऊन पातळ झालेलं फडकं, तिच्या घरी रेशमाच्या लडी गुंडाळतात तसलं. त्यात काचेच्या नळीचे दोन तुकडे. एकाच्या टोकाला तोटी.

ब्युरेट. ज्यांनी विज्ञान घेतलं नाही त्यांच्यासाठी सांगते. हातभर लांब काचेची नळी, अंगावर बारीक रेघा, खाली तोटी. तोटी फिरवून थेंब थेंब आम्ल सोडायचं असतं. दिसायला नाजूक आणि फुटायला त्याहून.

"पहिल्या प्रॅक्टिकललाच फुटली," रंजना म्हणाली. "कुणी बघितलं नाय. बाहेर पाऊस व्हता. मी छत्रीत टाकली."

"आणि मग?"

"मग परत गेलेच नाय तिकडं."

"अगं, फेकून द्यायचीस!"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला देवळातली घंटा पळवायला सांगितली होती.

"कालेजची वस्तू हाय ना, मॅडम. फेकायची कशी?"

तेव्हा मला उमगलं. या मुलीच्या घरी मागावरचं रेशीम व्यापाऱ्याचं असतं. वजनावर आणायचं, वजनावर द्यायचं. तुटलेला धागासुद्धा केरात जात नाही. दुसऱ्याची वस्तू आपल्या हातून बिघडली, याहून मोठी नाचक्की त्या घरात नाही. बाकीची मुलं वर्षाला दोन-दोन ब्युरेटी फोडून शीळ घालत घरी जायची. हिनं एक फोडली, फडक्यात बांधली आणि सबंध पावसाळा ती सांभाळत भिजली. प्रॅक्टिकलला जायचं नाही म्हणून तासालाही जायची नाही, तासाला नाही म्हणून काही समजेना, आणि शेवटी ट्रंक बांधली.

"पण कोणी तुला काही म्हणालं का?"

"भास्करभाऊ पहिल्या दिवशीच बोलले व्हते ना, सगळ्यांना."

हे भास्करभाऊ म्हणजे रसायनशास्त्राचे प्रयोगशाळा साहाय्यक. खांद्यावर पंचा, आवाज पहाडी. दरवर्षी नव्या मुलांपुढे ते एक भाषण करत. ब्युरेट दोन्ही हातांनी उंच धरायची आणि म्हणायचं, "ही ब्युरेट! खास जर्मनीहून आलेली! हिला तडा गेला, तर समजा तुमच्या शिक्षणाला तडा गेला!" प्रत्यक्षात ब्युरेटी अंबाल्याहून खोक्यातून यायच्या, पेंढ्यात गुंडाळून. नाशिकची पोरं पहिल्या बाकावर फिदीफिदी हसायची. मी स्वतः ते भाषण दाराआडून दोनदा ऐकलंय आणि अभिनयाला दाद दिलीय.

रंजना हसली नव्हती. तिनं ते लिहून घेतलं होतं.

मी उठले. व्हरांड्यातून वडिलांना हाक मारली. "दत्तूभाऊ, ट्रंक इथंच राहू द्या. चला माझ्याबरोबर."

अशी आमची वरात निघाली. पुढे मी, मध्ये छत्री हातात धरलेली रंजना, मागे टोपी सावरत दत्तूभाऊ. वाटेत मी त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. माझ्यातल्या नटीला वाटलं, आता हा विणकर माणूस तुटलेल्या धाग्याचं काहीतरी सुंदर बोलणार आणि मला रडू येणार. ते म्हणाले, "म्हंजी काच फुटली व्हय? मला वाटलं पोरीनं कुनाचं डोस्कं फोडलं!"

लॅबमध्ये भास्करभाऊ एकटेच होते, परीक्षानळ्या धूत. मी सरळ टेबलाशी गेले आणि फडकं उघडलं.

"भास्करभाऊ, तुमची जर्मनी."

त्यांनी तुकडे पाहिले. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, रागानं. मी तर तयारच होते. म्हटलं, "तुमच्या त्या नाटकापायी ही पोर पावसाळाभर भिजली. आज कॉलेज सोडून चाललीय. गणितात हुशार मुलगी, आर्ट्‌सला!"

"अहो शैलाताई," ते पुटपुटले, "ते मी दरवर्षीच बोलतो. कोणी खरं मानत नाही."

'उद्या नक्की' हे माझं वाक्यही एका मुलानं खरंच मानलं होतं.

भास्करभाऊंची नजर मात्र कोपऱ्यातल्या फळीवर होती. तिथे फुटतुटीचं रजिस्टर असायचं. काय फुटलं, कधी फुटलं आणि कोणाकडून फुटलं. त्यातला एकही रकाना मोकळा ठेवायचा नाही, हा त्या रजिस्टरचाही नियम. ते पुन्हा पुन्हा तिकडे का बघत होते, हे मला तेव्हा समजलं नाही.

"किती प्रयोग बुडाले हिचे?" मी विचारलं.

"सगळेच. पण शनिवारी दुपारी लॅब मोकळी असते. आली तर घेईन करून. सत्र मंजूर व्हायला तेवढं पुरेल." मग रंजनाकडे वळून, तो पहाडी आवाज जेवढा मऊ करता येईल तेवढा करून, ते म्हणाले, "येशील का गं?"

रंजना वडिलांकडे बघू लागली. दत्तूभाऊ म्हणाले, "माझ्याकडं काय बघती? मला शनवार कसला?"

ती काहीतरी बोलणार, एवढ्यात मागचं दार उघडलं आणि विभागप्रमुख देवधर सर आत आले.

इथे मी पडदा पाडते.

मध्यंतरात चहा प्या आणि देवधर सर कसे होते ते ऐका. उंच, किडकिडीत, पांढराशुभ्र कोट. पंचवीस वर्षांत त्यांच्या हातून कोटावर एक डाग पडलेला नव्हता, की एक काच फुटलेली नव्हती. 'निष्काळजीपणा' हा शब्द ते असा उच्चारायचे की ऐकणाऱ्याचे हात आपोआप मागे जायचे.

आणि रंजना गेली की राहिली, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे शेवटी मला हसायला मोकळीक मिळेल. राहिली. सहा सह्यांचा तो फॉर्म अजून माझ्याकडे आहे. तिनं शनिवारी येऊन सगळे प्रयोग केले आणि त्यात दोन पिपेट फोडल्या. त्या रजिस्टरात स्वतःच्या नावावर, सुबक अक्षरात लिहिल्या. पुढच्या पावसाळ्यात ती छत्री उघडून चालताना मी खिडकीतून पाहिली आणि आख्ख्या विभागाला बोलावून दाखवली.

दोन वर्षांनी ती पुन्हा माझ्या खिडकीवर आली. बदलीचाच अर्ज घेऊन! तिला हवा असलेला विषय पुण्याच्या एका कॉलेजात होता. या वेळी 'कारण' या रकान्यात तिनं इतकं लिहिलं होतं की ते समासात गेलं आणि तिथून पाठीमागे. मी सगळं वाचलं. प्रत्येक शब्द. सात सह्या तिनं पाऊण तासात आणल्या, पहिली रसायनशास्त्राची. मी ना-हरकत दाखला टाइप केला, शिक्का मारला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तो कागद देताना खरोखरच कसली हरकत नव्हती. थोडी होती. पण ती घरगुती अडचण.

नितीनला मी ही हकिगत पत्रानं कळवली. त्यानं उलट टपाली लिहिलं, 'बरं केलंत, विचारलंत.' एवढंच. ते पत्र मी खिडकीच्या काचेखाली ठेवलं होतं, अगदी खिडकीच्या जागी कॉम्प्युटर येईपर्यंत.

देवधर सर आणि भास्करभाऊ, दोघंही सुखरूप निवृत्त झाले. आता मेमो काढणारा आणि घेणारा कोणीच उरला नाही, म्हणून पडदा पुन्हा वर करते.

तर देवधर सर आत आले. टेबलाशी थांबले. दोन बोटांनी ब्युरेटचा तुकडा उचलला, उजेडात धरला.

"कोणाचा हा निष्काळजीपणा?"

नळाचं पाणी तेवढं चालू. रंजनाचे ओठ हलले, आवाज आला नाही. मी पाहिलं, तिची नजर दाराकडे गेली. आता ही पळणार, चारची एसटी धरणार आणि आर्ट्‌सला जाणार. सगळं त्या एका क्षणावर टांगलेलं.

तेवढ्यात दत्तूभाऊ पुढे झाले, टोपी काढली आणि म्हणाले, "सायेब, म्या फोडली."

देवधर सर चष्म्यावरून बघत राहिले. "आपण? आपण कोण?"

"येवल्याचा हाय मी."

"येवल्याहून येऊन आपण आमची ब्युरेट फोडलीत?"

"व्हय. चुकून हात लागला."

रंजना म्हणाली, "नाय सर! मी! मी फोडली! जुलैत!" तिचा इतका मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. लगेच मीही म्हटलं, "सर, याला कार्यालयही जबाबदार आहे." का म्हटलं, ते विचारू नका. रंगमंचावर दोन पात्रांनी बलिदान केलं की तिसऱ्याला राहवत नाही.

देवधर सरांनी तुकडा खाली ठेवला. "असं? तिघं? भास्कर, ते रजिस्टर आणा बघू. जुलै काढा. या ब्युरेटची नोंद कोणाच्या नावावर आहे, आत्ता बघून टाकू."

भास्करभाऊ जागचे हलले नाहीत. त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. रजिस्टरकडे पाहिलं, सरांच्या शुभ्र कोटाकडे पाहिलं, रंजनाच्या छत्रीकडे पाहिलं. आणि मग तो पहाडी आवाज पार जीवशास्त्राच्या लॅबपर्यंत गेला.

"सर, कशाला त्या पोरीला छळताय? एक कमी भरली, रकाना मोकळा ठेवता येत नव्हता, म्हणून जुलैतच मी ती तुमच्या नावावर फोडून टाकलीय!"